जोखीम कोणाची? : उद्योगविषयक मराठी शब्दांची एक चिकित्सा

१

धंदा मांडणाऱ्या माणसाविषयी एखादा समाज मनातून काय मानतो, हे त्या समाजाच्या अर्थशास्त्रीय ग्रंथांपेक्षा त्याच्या रोजच्या बोलण्यावरून अधिक खरेपणाने कळते. मराठीत ‘उद्योग’ ह्या शब्दाला सुभाषितांनी दिलेली प्रतिष्ठा आहे. पण ‘नसते उद्योग’, ‘रिकामे उद्योग’ हे प्रयोगही तितकेच रूढ आहेत. ‘धंदा’ हा शब्द एकवचनी असेपर्यंत निरुपद्रवी असतो. त्याचे अनेकवचन झाले आणि मागे ‘हे काय’ लागले, की त्याला आरोपाचा सूर येतो. उद्योगाविषयीची ही दुहेरी वृत्ती शब्दांत मुरलेली असल्याने ती सहसा लक्षात येत नाही. लक्षात न येणाऱ्या गोष्टीचीच चिकित्सा अधिक आवश्यक असते.

प्रस्तुत लेखात जोखीम, पैसा आणि अपयश ह्या तीन गोष्टींसंबंधीच्या मराठी शब्दांचा विचार करावयाचा आहे. धंद्यात धोका असतो, हे कोणतीही भाषा सांगेल. तो धोका कोणाच्या अंगावर आहे, हे भाषा स्पष्टपणे सांगते की झाकून ठेवते, हा खरा प्रश्न होय. जुन्या व्यापारी मराठीत ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा शब्दातच मिळत असे. नव्या परिभाषेत ते मिळेनासे झाले आहे, आणि त्याचा तोटा ज्याच्या पदरी अपयश येते त्यालाच सोसावा लागतो, असे ह्या चिकित्सेअंती दिसून येते.

विवेचन हवेत राहू नये, म्हणून ते एका परिसराशी जोडणे इष्ट आहे. ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ हे गाव त्यासाठी सोयीचे आहे. त्याच्या आसपास उद्योगाला पैसा मिळण्याचे निरनिराळे प्रकार थोड्या अंतरात एकत्र आलेले आहेत. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथ येथे भागभांडवलाच्या बळावर गंधकाम्ल व सुपरफॉस्फेट ह्यांचा कारखाना उभारला. तेथेच स्वीडनच्या भांडवलाशी संबंध असलेल्या ‘विमको’चा आगकाड्यांचा कारखाना निघाला. पलीकडे उल्हासनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी जवळजवळ काहीच हाताशी नसताना व्यापार उभा केला. आणि खुद्द जांभूळ येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. म्हणजे उद्योगासाठी शासनाने केलेल्या खर्चाचा एक दृश्य पुरावाच तेथे उभा आहे. ह्या परिसराकडे लेखाच्या उत्तरार्धात पुन्हा वळावयाचे आहे.

२

‘जोखीम’ हा शब्द ऐकताना ‘जोखणे’ हे क्रियापद आठवते. जोखणे म्हणजे वजन करणे, अंदाज घेणे. जोखीम ही तोलून पाहण्याची वस्तू आहे, हा अर्थ त्यामुळे सहज सुचतो. ‘जोखमीची वस्तू’ म्हणजे मौल्यवान, सांभाळून न्यावयाची वस्तू. ‘जोखमीचे काम’ म्हणजे विश्वासाचे काम. ह्या शब्दाबरोबर येणारी क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. जोखीम ‘घेतात’, ‘उचलतात’, ‘पत्करतात’, ‘सोपवतात’ आणि ती ‘अंगावर’ असते. ही सारी क्रियापदे एखादी जड वस्तू एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते आहे, असे चित्र उभे करतात. जोखमीला वाहक लागतो, हे जुन्या मराठीला सांगावे लागत नव्हते.

ह्याचा उत्तम पुरावा हुंडीच्या व्यवहारात सापडतो. दर्शनी हुंडी व मुदती हुंडी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा आणखी एक प्रकार प्रचलित होता. माल जहाजावर चढविणारा व्यापारी माल घेणाऱ्याच्या नावे हुंडी लिही आणि ती विकून पैसे तत्काळ मोकळे करी. हुंडीचे पैसे मात्र माल बंदरात सुखरूप पोहोचला तरच देय होत. जहाज बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडाले; माल पाठविणाऱ्याकडे त्याला ते मागता येत नसत. हुंडी आणि विमा ही दोन्ही कामे एकच कागद करीत असे. हुंडी घेणारा हा धोका फुकट पत्करीत नव्हता, त्याचे मोल तो हुंडीच्या भावात वसूल करी. परंतु पैसा देणाऱ्याने जोखीमही घेतली आहे, ही गोष्ट त्या कागदाच्या नावातच नमूद होती.

‘विमा’ ह्या शब्दाशी ताडून पाहिले असता हा विशेष अधिक उठून दिसतो. फारसी ‘बीम’ म्हणजे भय. त्यापासून आलेला हा शब्द भयाचे नाव घेतो, भय कोणी कोणाकडे सोपविले ते सांगत नाही. ‘जोखमी’ हे विशेषण मात्र थेट करारावर बोट ठेवते.

३

पैशाविषयीच्या शब्दांकडे वळले म्हणजे चित्र पालटते. ‘भांडवल’ ह्या शब्दाचे नाते संस्कृत ‘भाण्ड’ शब्दाशी आहे, आणि त्याला पात्र ह्या अर्थाप्रमाणेच विक्रीचा माल असाही अर्थ होता. धंद्याचे भांडवल म्हणजे प्रथम दुकानातला माल, नाणे मागाहून. ह्या शब्दात धोक्याची छटा नाही. ती आहे ‘तारण’ ह्या शब्दात, पण ती उलट दिशेने आहे.

पैसा ‘बुडतो’, धंदा ‘बुडतो’, कर्ज ‘बुडीत’ निघते. अपयशाची ही सारी कल्पना पाण्यातली आहे, आणि समुद्रावर व्यापार करणाऱ्या लोकांच्या तोंडी ती स्वाभाविकही आहे. त्याच पाण्यातून ‘तारणे’ हे क्रियापद येते. भक्ताला तारणारा तो तारणहार. कर्जाला तारणारे ते तारण. परंतु तरतो कोण, हे पाहिले पाहिजे. कर्ज घेणाऱ्याचा धंदा बुडाला, तर तारणामुळे तो वाचत नाही. त्याचे घर, दागिने, यंत्रे विकून सावकाराचा पैसा तरतो. एकाच रूपकात बुडणारा एक आहे आणि तरणारा दुसरा आहे. ऋणकोने आपल्याच घराला ‘तारण’ म्हणावे, ह्यात भाषेने नकळत केलेला एक कठोर विनोद आहे.

हे तारण पुष्कळदा एकट्या उद्योजकाचे नसते. दादासाहेब फाळके ह्यांनी चलच्चित्रांच्या ध्यासापायी आपल्या आयुर्विम्याचे कागद गहाण टाकले, आणि १९१३ साली प्रकाशात आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या उभारणीत सरस्वतीबाईंच्या दागिन्यांचाही वाटा होता. विमा हा कुटुंबाच्या भविष्याचा आणि दागिने हे स्त्रीधन. येथे धाडस एकाचे असे म्हटले जाते. जोखीम मात्र घरातल्या साऱ्यांची होती. ‘फाळक्यांनी जोखीम घेतली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. तथापि त्याचा कर्ता अपुरा आहे.

ह्याच्याशी दोन प्रसंग ताडून पाहण्यासारखे आहेत. पहिला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन बिघडते अशी समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे बेळगावची जागा सोडण्याचा प्रसंग आला, तेव्हा औंधच्या संस्थानाधिपतींनी त्यांना दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज व माळजमीन देऊ केली आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला. ‘बिनव्याजी’ ह्या विशेषणाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. मुद्दल फेडावयाचेच होते. पण काळाची जोखीम संस्थानाने आपल्याकडे घेतली होती. ज्या मालाचा पहिला नग खपण्यास दोन वर्षे लागतात, त्याच्या कर्त्याला व्याजाच्या दराहून वेळेची सवलत अधिक मोलाची असते.

दुसरा प्रसंग पैसा फंडाचा. अंताजी दामोदर काळे ह्यांनी प्रत्येकाकडून केवळ एक पैसा मागण्याची कल्पना काढली, तिला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला, आणि त्या निधीतून १९०८ साली तळेगाव येथे काच कारखाना उभा राहिला. काचकामाचे शिक्षण देण्याची सोयही तेथे होती. येथे जोखीम इतक्या खांद्यांवर वाटली गेली होती की, कोणाही एकाच्या अंगावर तिचे ओझे पडणार नव्हते. कारखाना न चालता, तरी पैसा देणाऱ्याचे घर विकले जाण्याचा प्रश्न नव्हता. जोखमी हुंडीत धोका पैसा देणारा एकटा घेतो. तारणी कर्जात तो पैसा घेणाऱ्याचे घर घेते. पैसा फंडात तो सारा समाज घेतो. तीन व्यवहार, आणि त्यांचे तीन निरनिराळे कर्ते.

मराठी उद्योगचरित्रांत हा भेद फारसा जपला गेलेला नाही, हा त्या वाङ्मयप्रकारातील मोठा उणेपणा होय. लक्ष्मणरावांच्या चरित्राला शं. वा. किर्लोस्करांनी ‘यांत्रिकाची यात्रा’ हे नाव दिले. नाव सुंदर आहे, आणि म्हणूनच त्याची छाननी व्हावयास हवी. यात्रेला निघालेला माणूस कोठे जावयाचे हे जाणतो. वाटेतले हाल हे पुण्याचा भाग असतात आणि मुक्काम ठरलेला असतो. धंदा मांडणाऱ्यापुढे मुक्काम ठरलेला नसतो. यशाच्या टोकावरून मागे पाहून लिहिलेल्या चरित्रात प्रत्येक अपयश ही पायरी ठरते, कारण पुढची पायरी लेखकाला ठाऊक असते. न खपलेल्या नांगराची दोन वर्षे आज रोमहर्षक वाटतात. त्या दोन वर्षांत, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, ती कशी वाटली असतील हे ह्या प्रकारच्या कथनाला सांगता येणे कठीण असते. ह्यात चरित्रकाराचा दोष थोडा आणि वाङ्मयप्रकाराचा अधिक आहे. ज्यांचा नांगर कधीच खपला नाही, त्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही. त्यांच्याविषयी भाषेजवळ आहेत ते केवळ काही सुटे शब्द.

४

ते शब्द कोणते, हे आता पाहू जाता पहिला मान ‘दिवाळे’ ह्या शब्दाचा. नादार झालेला व्यापारी भर दिवसा पेढीवर दिवा लावून आपली स्थिती जाहीर करी, अशी ह्या शब्दाची प्रसिद्ध उपपत्ती आहे. ती ग्राह्य धरली तर दिवाळे ही मुळात एक उघड कबुली ठरते. तीत लाज असेल, लबाडी नाही. रूढ क्रियापदांतही प्रथम तसाच सूर आहे. दिवाळे ‘निघते’, ‘वाजते’. ही अकर्मक रूपे घडलेली आपत्ती सांगतात. ‘दिवाळे काढणे’ ह्या सकर्मक रूपात मात्र कर्ता शिरतो आणि संशयही शिरतो. ‘कर्ज बुडाले’ आणि ‘कर्ज बुडवले’ ह्यांत हाच भेद आहे. एका प्रत्ययाने दुर्दैवाचा गुन्हा होतो.

‘दिवाळखोर’ ह्या शब्दाने तर हा भेद पुसूनच टाकला आहे. ‘-खोर’ हा प्रत्यय फारसीतून आला. मूळ अर्थ खाणारा. लाचखोर लाच खातो, येथे मूळ अर्थ जिवंत आहे. चहाडखोर, भांडखोर, नफेखोर ह्या शब्दांत त्याचा अर्थ ‘ज्याला अमुक खोड आहे तो’ असा झाला आहे. दिवाळे निघणे ही खोड असू शकत नाही; ती बहुधा आयुष्यात एकदाच येणारी आपत्ती असते. तरीही तिला बळी पडलेला माणूस ह्या प्रत्ययाने लाचखोर आणि नफेखोर ह्यांच्या पंक्तीला बसविला जातो. ‘वैचारिक दिवाळखोरी’ ह्या वृत्तपत्रीय प्रयोगात तर शब्दाचा पैशाशी संबंधच उरलेला नाही. उरला आहे तो केवळ तिरस्कार. प्रत्यय स्वभावतःच दुष्ट आहे, असे मात्र म्हणता येत नाही. ‘बंडखोर’ हा शब्द साहित्यात गौरवाचा झाला आहे. समाजाने ठरविले तर शब्दाचे शुद्धीकरण होऊ शकते. दिवाळखोराच्या बाबतीत ते समाजाने ठरविलेले नाही.

न्यायालयीन भाषेत ‘नादार’ हा संयमित शब्द उपलब्ध आहे. ज्याच्यापाशी नाही तो नादार. ह्यात वस्तुस्थिती आहे, निंदा नाही. शाळेतील फीमाफीलाही मराठीत ‘नादारी’ म्हणत आले, ह्यावरून ह्या शब्दाचा सौम्यपणा कळतो. २०१६ च्या संहितेचे नाव मराठीत घेताना ‘नादारी’ व ‘दिवाळखोरी’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात; एकाच नावात भाषेच्या दोन वृत्ती नांदतात.

मोठ्या कंपन्यांसाठी तिसरेच रूपक योजलेले आढळते. १९८५ च्या कायद्यानंतर ‘आजारी उद्योग’ हा शब्द रूढ झाला. आजाऱ्याला सहानुभूती, निदान आणि उपचार मिळावयाचे असतात. तो कायदा लघुउद्योगांना लागू नव्हता. मोठा कारखाना पडला तर तो आजारी. छोटा कारखानदार पडला तर तो दिवाळखोर. २०१६ च्या संहितेने हा जुना कायदा मागे टाकला. पण व्यक्ती व भागीदारी संस्था ह्यांविषयीचा तिचा भाग २०१९ मध्ये कंपनीच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरताच लागू करण्यात आला. स्वतःच्या नावाने धंदा करणाऱ्या सामान्य माणसाच्या वाट्याला १९०९ व १९२० चे इंग्रजी अमदानीतले नादारीचे कायदेच राहिले. शब्दांतील पंक्तिप्रपंच आणि कायद्यातील पंक्तिप्रपंच हे असे एकमेकांना धरून चालतात.

उल्हासनगरचे उदाहरण ह्या दृष्टीने मननीय आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित राहिले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तारण देण्याजोगी मालमत्ता सिंधमध्ये राहून गेलेली. अशा लोकांना व्यवसायासाठी कर्ज देण्याकरिता केंद्र सरकारने १९४८ साली कायद्याने पुनर्वसन वित्त प्रशासन स्थापन केले. नेहमीच्या पेढीने ज्यांना दारात उभे केले नसते, त्यांची जोखीम काही अंशी शासनाने उचलली. उरलेली नातलगांच्या उधारीने आणि स्वतःच्या कष्टाने भागली. हा इतिहास असताना मराठी बोलीने ह्या गावाच्या नावापासून कोणते विशेषण घडविले? ‘उल्हासनगरी माल’ म्हणजे नकली माल. नकली माल तेथे झालाच नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु शून्यातून उभ्या राहिलेल्या एका वसाहतीच्या साऱ्या धडपडीतून भाषेने उचलले ते हे एकच विशेषण, ह्यावरून तिची वृत्ती दिसते.

५

नव्या परिभाषेने ही वृत्ती बदलली काय? ‘साहस भांडवल’ हा समास घ्यावा. त्याचा विग्रह दोन प्रकारे होतो. ‘साहसासाठी भांडवल’ असा घेतला तर साहस धंदा मांडणाऱ्याचे. ‘साहस करणारे भांडवल’ असा घेतला तर ते पैसा लावणाऱ्याचे. वस्तुतः ह्या प्रकारात पैसा लावणारा कर्ज देत नाही, धंद्यात भाग घेतो, आणि धंदा गेला तर त्याचा पैसाही जातो. म्हणजे हा व्यवहार जोखमी हुंडीच्या जवळचा आहे. पण जुने नाव जे उघड सांगे, ते नवे नाव समासात मिटून ठेवते. शिवाय धर्मशास्त्रातील व्यवहारपदांत ‘साहस’ म्हणजे बलात्काराने केलेला अपराध, ही स्मृतीही त्या शब्दामागे उभी आहे. ‘जोखमी भांडवल’ असे म्हटले असते, तर घरचाच शब्द घरच्या कामी आला असता.

‘बीजभांडवल’ हा शब्द शेतीतून घेतला आहे आणि तो गोडही आहे. शेतकऱ्याला बियाण्याची जोखीम ठाऊक असते. पाऊस गेला तर बी मातीत जाते आणि दुबार पेरणी करावी लागते. शासकीय बीजभांडवल योजनांतील रक्कम मात्र परत करावयाची असते. पाऊस पडो वा न पडो, पेरलेले बी मोजून परत द्यावयाचे, असे हे बीज आहे. रूपक शेताचे आणि करार सावकाराचा, अशी ही जोडी आहे.

२०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत कर्जांना ‘शिशु’, ‘किशोर’ व ‘तरुण’ अशी नावे दिली आहेत. पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज शिशु, पाच लाखांपर्यंतचे किशोर, त्यावरचे तरुण. २०२४ मध्ये त्यात ‘तरुण प्लस’ची भर पडली. ही कर्जे विनातारण असतात, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु ह्या नामकरणात वाढ आहे आणि मृत्यू नाही. शिशूचा किशोर होणार आणि किशोराचा तरुण होणार, हे गृहीत धरलेले आहे. छोटे दुकान पन्नास वर्षे छोटेच राहून सुखाने चालू शकते, किंवा दोन वर्षांत बंदही पडू शकते. ह्या दोन्ही शक्यतांना ह्या रूपकात जागा नाही. जी नामावली अपयशाला नाव देत नाही, ती अपयशी माणसाला जुन्या शब्दांच्या, म्हणजे पुन्हा ‘दिवाळखोर’ ह्या शब्दाच्या, हवाली करते.

६

शेवटी जांभूळकडे परतणे प्राप्त आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. जमीन, रस्ते, पाणी ह्यांची सोय शासनाने आधी करून ठेवावी आणि मग कारखानदाराने यावे, अशी ही व्यवस्था. प्रत्येक कारखानदाराला स्वतःची विहीर खणून पाणी लागते की नाही ह्याची वाट पाहावी लागली असती, तर पुष्कळ कारखाने निघालेच नसते. बारवी धरणाचे पाणी जांभूळ येथे शुद्ध होऊन औद्योगिक वसाहतींना आणि शहरांना जाते. उद्योगाच्या जोखमीतला एक मोठा हिस्सा सार्वजनिक तिजोरीने उचलला आहे, आणि तो बहुधा कोणत्याही उद्योगचरित्रात नोंदला जात नाही.

तिजोरीखेरीज आणखीही कोणी तो उचलला आहे. धरण बांधले गेले आणि पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली, तेव्हा मुरबाड भागातील काही गावे व पाडे पाण्याखाली गेले. अशा जमिनीला मराठीत ‘बुडीत क्षेत्र’ म्हणतात. बँकेच्या वहीत ‘बुडीत कर्ज’, धरणाच्या नकाशात ‘बुडीत क्षेत्र’: विशेषण एकच आहे. पहिल्यात रूपक आहे, दुसऱ्यात खरेच पाणी आहे. पहिल्यासाठी तारणाची, वसुलीची आणि संहितेची तजवीज आहे. दुसऱ्याच्या बाबतीत ज्यांचे शेत बुडाले त्यांनी कोणताही धंदा मांडला नव्हता, कोणतीही जोखीम ‘पत्करली’ नव्हती. ती त्यांच्यावर सोपविली गेली. ‘पत्करणे’ आणि ‘सोपवणे’ ह्या दोन क्रियापदांतले अंतर येथे पुरतेपणी उमगते.

ह्या चिकित्सेचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. मराठीजवळ जोखमीसाठी समर्थ शब्द होते आणि आहेत. उणीव आहे ती त्या शब्दांना कर्ता जोडण्याच्या सवयीची. परिभाषा घडविणाऱ्यांनी नवा शब्द करताना तो इंग्रजी शब्दाला किती जुळतो एवढेच न पाहता, त्यातून जोखमीचा वाहक दिसतो की नाही हेही पाहावे. वृत्तपत्रांनी प्रामाणिकपणे बुडालेल्या माणसासाठी ‘नादार’ हा शब्द पुन्हा वापरात आणावा आणि ‘दिवाळखोर’ हा शब्द ज्याने बुडवले त्याच्यासाठी राखून ठेवावा. चरित्रकारांनी, धाडस कोणाचे हे सांगितल्यावर, घर कोणाचे गहाण होते, दागिने कोणाचे होते आणि जमीन कोणाची गेली, हेही लिहावे. असे झाले म्हणजे ‘जोखीम घेतली’ हे वाक्य पुरे होईल. कारण त्याला त्याचा खरा कर्ता मिळालेला असेल.